ध्वनिमुद्रिकांचे पुनर्प्रकाशन : दुर्मिळता, किंमत आणि संग्राहकाची प्रतिक्रिया

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रिका, संग्राहक, दुर्मिळता, पुनर्प्रकाशन, नाट्यसंगीत, गाथा-संपादन, स्वामित्वहक्क

प्रस्तावना

कर्ण्याचा ग्रामोफोन, त्याची चावी, सुयांची लहानशी डबी आणि कागदी पाकिटांत जपून ठेवलेल्या तबकड्या हे एकेकाळी मराठी सुखवस्तू घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते. कॅसेट आली, तिच्यामागून सीडी आली आणि तबकड्या माळ्यावर गेल्या. माळ्यावरून त्यांतील पुष्कळशा भंगारवाल्याकडे गेल्या. एकविसाव्या शतकात हीच वस्तू नव्या दिमाखात आणि चढ्या किमतीला परत आलेली दिसते. अमेरिकेत २०२० मध्ये विनाइल रेकॉर्डच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले. भारतातही जुन्या चित्रपटांचे, गझलांचे व शास्त्रीय गायनाचे अल्बम पुन्हा एलपीवर निघू लागले.

या पुनर्प्रकाशनाचे संग्राहकांनी स्वागत केले, तसेच त्याविषयी तीव्र नाराजीही व्यक्त केली. प्रती मोजक्या निघतात, किमती हजारांच्या घरात असतात, माल बाजारात येताच संपतो आणि तोच पुढे दुय्यम विक्रीत वाढीव किमतीला मिळतो, असे या तक्रारीचे सर्वसाधारण स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या प्रतिक्रियेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. संग्राहकाची तक्रार रास्त असली तरी ती अपुरी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. तक्रारीचा सारा रोख प्रतींच्या संख्येवर आणि किमतीवर राहतो. पुनर्प्रकाशित ध्वनिमुद्रिका ही एक ‘आवृत्ती’ आहे आणि ग्रंथाच्या आवृत्तीला लावली जाणारी कसोटी तिलाही लावली पाहिजे, ही बाजू त्यात सुटून जाते. मराठवाड्यातील, विशेषतः हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील श्रोत्याच्या आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हीच बाजू अधिक महत्त्वाची आहे.

१. दुर्मिळतेचे तीन प्रकार

‘दुर्मिळ’ हे विशेषण संग्राहकांच्या बोलण्यात सैलपणे वापरले जाते. वस्तुतः त्यात तीन वेगवेगळ्या अवस्था मिसळलेल्या असतात.

पहिली ऐतिहासिक दुर्मिळता होय. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाची पहिली मोठी मोहीम नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात केली. ते मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हर येथे पाठवून त्याच्या तबकड्या काढल्या जात. गौहरजान यांच्यासारख्या कलावंतांनी गाणे संपताच आपले नाव मोठ्याने सांगण्याची प्रथा या व्यवस्थेतूनच आली, कारण परदेशातील कारागिराला गायक ओळखण्याचा तो सोपा मार्ग होता. १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला. या तबकड्या लाखेच्या असल्यामुळे हातातून पडताच फुटत आणि पोलादी सुईने झिजत. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली. अमेरिकेत १९४२ मध्ये लाखेच्या वापरावर सरकारी निर्बंध आले आणि जुन्या तबकड्या गोळा करून त्यांतून नव्या बनवल्या गेल्या. भारतात ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे उत्पादन १९७०च्या सुमारास थांबले. तेव्हा जे उरले ते मुळातच थोडे आहे. काही आवाज तर तबकडीवर आलेच नाहीत. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) आणि भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे गायन आज केवळ शिष्यपरंपरेतून व लेखी आठवणींतून कळते.

दुसरी उत्पादनातील दुर्मिळता होय. एलपी काढण्यासाठी प्रथम मूळ पत्र्यावर खाच कोरावी लागते, त्यावरून धातूचे साचे तयार करावे लागतात आणि मग दाबयंत्रावर प्रती काढाव्या लागतात. यातील सुरुवातीचा खर्च शंभर प्रती काढल्या तरी तेवढाच आणि दहा हजार काढल्या तरी जवळपास तेवढाच असतो. म्हणून आवृत्ती लहान असली की प्रत महाग पडते. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा कारखाना आगीत नष्ट झाला. कोरणीसाठी लागणाऱ्या लॅकर-पत्र्यांचे जगातील दोन प्रमुख पुरवठादार होते, त्यांपैकी तो एक होता. त्या घटनेचा परिणाम सर्वत्र जाणवला. भारतातील एलपी-उत्पादन बंद पडल्यानंतर येथील पुनर्प्रकाशने दीर्घकाळ परदेशातून दाबून आणावी लागत. २०२४ मध्ये नवी मुंबईत असा कारखाना पुन्हा सुरू झाला. हा बदल स्वागतार्ह असला तरी लहान आवृत्तीचे गणित त्याने आपोआप बदलत नाही.

तिसरी योजलेली दुर्मिळता होय. प्रतींवर क्रमांक घालणे, रंगीत विनाइल वापरणे, ‘मर्यादित आवृत्ती’ असा शिक्का मारणे आणि मागणी असूनही दुसरी छपाई न करणे हे प्रकार यात येतात. पहिल्या दोन अवस्था इतिहासाच्या आणि तंत्राच्या आहेत. ही तिसरी मात्र विक्रीचे धोरण म्हणून स्वीकारलेली असते.

संग्राहकाची प्रतिक्रिया या तिन्ही अवस्थांना एकाच रागाने सामोरी जाते. परिणामी ज्या ठिकाणी कोणाचाच दोष नाही तेथे कंपनीला दोष दिला जातो आणि जेथे कंपनीला जाब विचारता येईल तेथे संग्राहक स्वतः रांगेत उभा असतो.

२. संग्राहकाच्या भूमिकेतील अंतर्विरोध

या प्रतिक्रियेत स्थूलमानाने तीन वृत्ती आढळतात. एक वर्ग प्रथमावृत्तीचा आग्रही असतो. त्याला पुनर्प्रकाशन मुळातच दुय्यम वाटते. दुसरा वर्ग ऐकण्यासाठी घेणाऱ्यांचा असतो आणि वाढत्या किमतीचा खरा फटका त्यालाच बसतो. तिसरा वर्ग गुंतवणूक म्हणून खरेदी करतो व भाव चढताच विकतो. प्रत्यक्षात या तीन वृत्ती अनेकदा एकाच व्यक्तीत नांदतात. ‘महाग आहे’ म्हणून चडफडणाराच ‘माझ्याकडे आहे’ याचे समाधान मिरवतो. प्रती मुबलक निघाल्या तर तक्रार दूर होईल आणि तिच्यासोबत ते समाधानही जाईल. विक्रेत्याने हा अंतर्विरोध अचूक हेरलेला आहे.

वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे एकमेवत्व व त्याभोवतीचे तेजोवलय क्षीण होते, असे मांडले. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत या सिद्धान्ताला एक वेगळे वळण मिळालेले दिसते. हजारोंच्या संख्येने निघालेली यांत्रिक प्रतच कालांतराने तेजोवलय धारण करते. लेबलचा रंग, पाकिटाची छपाई आणि पहिल्या दाबणीची खूण यांना मूर्तीच्या अंगचे महत्त्व येते. पुनर्प्रकाशन करणारी कंपनी हेच वलय नव्या प्रतीला जोडून विकत असते.

मग किंमत नेमकी कशाची मोजली जाते? वस्तूची, ध्वनीची की माहितीची? ‘डिजिटल टप्पा टाळून थेट मूळ टेपवरून’ हे वाक्य पुनर्प्रकाशित एलपीच्या किमतीचे मोठे समर्थन मानले जाते. अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या अनेक महागड्या आवृत्त्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, ही गोष्ट २०२२ मध्ये उघड झाली आणि ग्राहकांनी न्यायालयात दाद मागितली. तोपर्यंत त्याच आवृत्त्यांची त्यांच्या ध्वनीसाठी मुक्त कंठाने स्तुती होत होती. या प्रकरणातून डिजिटल टप्पा वाईट ठरत नाही. पुनर्प्रकाशनाच्या उगमाची खरी नोंद ग्राहकाला दिली जात नव्हती, एवढे मात्र निश्चित होते. कानाने न ओळखता आलेला फरक पाकिटावरील मजकुराने ठरवला जात होता. तो मजकूर विश्वासार्ह असणे किती आवश्यक आहे, हे येथे लक्षात येते.

३. केसरबाईंच्या तबकडीचा दाखला

मराठी संगीतविश्वाशी संबंधित असे याचे बोलके उदाहरण केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचे आहे. गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या आणि अल्लादिया खाँ यांची तालीम लाभलेल्या या गायिकेची ध्वनिमुद्रणे मोजकीच आहेत. १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर जी सुवर्ण-तबकडी होती, तिच्यातील संगीताच्या २७ नमुन्यांत केसरबाईंची भैरवी समाविष्ट झाली. संगीतमानवशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. शिफारस झाली तरी ती तबकडी मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात ती सापडली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाची एक निवड कोपऱ्यात पडून राहिलेल्या मालावर अवलंबून राहिली, ही गोष्ट ऐतिहासिक दुर्मिळतेचे स्वरूप स्पष्ट करते.

या कथेचा उत्तरार्ध पुनर्प्रकाशनाचा आहे. २०१६ मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्स या संस्थेने लोकवर्गणीच्या मार्गाने ही सुवर्ण-तबकडी तीन एलपींच्या संचात काढण्याचे जाहीर केले. संचाची किंमत ९८ डॉलर होती. दहा हजारांहून अधिक लोकांनी मिळून १३ लाख डॉलरांहून जास्त रक्कम दिली आणि २०१८ मध्ये या संचाला आकर्षक वेष्टनासाठीचे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. अशा रीतीने केसरबाईंचा तीन-साडेतीन मिनिटांचा आवाज जगभरातील संग्राहकांच्या कपाटात पोहोचला. या संचाला जोडलेल्या पुस्तिकेचा आणि ध्वनिशुद्धीच्या परिश्रमांचा गौरव केलाच पाहिजे. तथापि केसरबाईंच्या उपलब्ध सर्व मुद्रणांची, मुद्रणवर्षे, साथीदार आणि रागनामे यांसह सिद्ध झालेली आवृत्ती मराठी विद्यार्थ्याच्या हाती सहज पडत नाही. त्यांच्या कलेचा एक तुकडा जागतिक वस्तू झाला, पण त्यांच्या समग्र कार्याला आवृत्तीचे भाग्य लाभले नाही. संग्राहकांच्या चर्चेत ९८ डॉलर योग्य की अयोग्य हा प्रश्न येतो. हा दुसरा अभाव क्वचितच कोणाला खटकतो.

४. मराठवाड्यातील श्रोता कोठे आहे?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. मुंबई-पुण्यातील नाट्यगृहे, गायनसभा आणि रेकॉर्डची दुकाने यांच्या परिघाबाहेर असलेल्या येथील ग्रामीण श्रोत्याच्या घरी तबकडी क्वचितच विकत आली असेल. त्याच्या कानावर ती पडली ती लग्नसमारंभातील भोंग्यावरून, जत्रेतून आणि आकाशवाणीवरून. स्वतःच्या मालकीचे संगीत त्याला प्रथम कॅसेटने दिले. १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेट आणि स्वस्त टेपरेकॉर्डर यांमुळे भक्तिगीते, भीमगीते आणि लोकगीते गावोगाव पोहोचली. प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांचा आवाज वस्तीवस्तीत घुमला तो प्रामुख्याने या माध्यमातून.

पुनर्प्रकाशनाच्या चर्चेत हा इतिहास जवळजवळ अनुपस्थित असतो. कोणते अल्बम विनाइलवर परत येतात हे पाहिले, तर पूर्वी ज्यांच्याकडे तबकड्या होत्या त्या वर्गाच्या स्मरणाला प्राधान्य मिळालेले दिसते. कॅसेटवर जन्मलेले आणि कॅसेटबरोबरच झिजत चाललेले संगीत दुर्मिळ होत असूनही त्याला ‘दुर्मिळ’ ही पदवी मिळत नाही, कारण त्याला बाजारभाव नाही. किंमत हे दुर्मिळतेचे मापक मानले की अशी विसंगती निर्माण होते. सांस्कृतिक हानी बाजारभावाच्या बाहेरही घडत असते.

अध्यापनातही याचे पडसाद उमटतात. मराठीच्या वर्गात संगीत नाटक शिकवले जाते ते बहुतांशी संहिता म्हणून. ‘संगीत मानापमान’ (१९११) किंवा ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) यांतील पदे वाचून त्यांचा आशय सांगता येतो. मात्र गोविंदराव टेंबे यांच्या आणि भास्करबुवांच्या चाली बालगंधर्वांच्या गळ्यातून कशा उमटल्या, हे तीन मिनिटांच्या तबकडीनेच कळू शकते. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबणारे पद तबकडीसाठी कसे आवळले गेले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी विद्यार्थ्याला हजारो रुपयांची एलपी परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. त्याला हवा आहे खात्रीचा ध्वनी आणि त्याविषयीची खात्रीची माहिती. इंटरनेटवर ध्वनी पुष्कळ मिळतो. तो कोणत्या तबकडीचा, कोणत्या वर्षाचा, योग्य वेगाने उतरवलेला आहे की नाही, याची नोंद मात्र बहुधा नसते. ७८ फेऱ्यांची तबकडी किंचित जलद फिरली तरी गायकाची पट्टी चढते आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष चुकतात.

५. गाथेच्या परंपरेतून मिळणारी कसोटी

पुनर्प्रकाशन कसे असावे, याचा विचार करण्यासाठी मराठी अभ्यासकाला दूर जाण्याची गरज नाही. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान परंपरेने मानले जाते. नामदेवांची कविता आपल्यापर्यंत बाडांतून, वहीगायनातून आणि कीर्तनातून आली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ‘नामा’ ही मुद्रा धारण करणारे कवी एकाहून अधिक असल्याने कोणता अभंग कोणाचा, हा वाद संशोधकांत दीर्घकाळ चालत आला. एखाद्या मठातील किंवा घरातील जुने बाड दुर्मिळ असते, पूजनीयही असते. परंतु अभ्यासाचे आणि वाचनाचे काम छापील गाथेने केले. १८६९ व १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांच्या गाथेचे दोन भाग निघाले. पुढे १९५० मध्ये मुंबई सरकारने तुकारामांची आणि १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली. या आवृत्त्यांच्या पाठांविषयी मतभेद झाले आणि व्हायलाच हवेत. तथापि आवृत्ती सर्वांसमोर असल्यामुळेच मतभेद शक्य झाले.

या अनुभवातून तीन निकष निघतात. आवृत्तीने आपला आधार सांगावा, म्हणजे पुनर्प्रकाशन मूळ टेपवरून आहे, तबकडीवरून आहे की आधीच्या सीडीवरून, हे स्पष्ट असावे. आवृत्तीने पाठभेद नोंदवावेत, म्हणजे एकाच पदाची अनेक मुद्रणे असल्यास त्यांची वर्षे व क्रमांक द्यावेत. आवृत्ती वाचकाच्या आवाक्यात असावी. हे निकष लावले तर आज बाजारात येणारी अनेक देखणी पुनर्प्रकाशने आवृत्ती म्हणून अपुरी ठरतात. गायकाचे छायाचित्र मोठे असते, पण तबलजीचे आणि हार्मोनियमवादकाचे नाव नसते.

जुन्या कंपनीला सामान्य श्रोता ठाऊक नाही, असेही म्हणता येत नाही. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे २००० मध्ये सारेगामा असे नामांतर झाले. याच कंपनीने २०१७ मध्ये ५००० गाणी भरलेले ‘कारवाँ’ हे यंत्र बाजारात आणले. एका यंत्रात हजारो गाणी आणि एका एलपीत दहा-बारा गाणी अशा दोन टोकांना कंपनीने दोन वेगळे ग्राहक शोधले. या दोहोंच्या मधला अभ्यासू श्रोता मात्र कोणाच्याच हिशेबात आलेला नाही.

६. कायदा आणि संग्राहकाचे उत्तरदायित्व

भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या बहुसंख्य तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क आता संपलेला आहे. काव्य व संगीतरचना यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत असतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये आणि गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये निवर्तले. म्हणून ‘मानापमाना’तील पदांच्या जुन्या तबकड्या मुक्तपणे उपलब्ध करून देण्यास या हक्काची अडचण उरलेली नाही. याउलट ‘गीतरामायणा’चे कवी ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये आणि संगीतकार सुधीर फडके २००२ मध्ये निवर्तल्याने तेथे हक्क अद्याप शाबूत आहेत आणि त्यांचा आदर राखला पाहिजे. संगीत नाटकाच्या वैभवकाळाचा मोठा भाग कायद्याने समाजाच्या मालकीचा झाला आहे. प्रत्यक्षात तो अजून कपाटांत आहे.

येथे संग्राहकाचे ऋण मान्य करणे न्यायाचे ठरेल. कंपन्यांनी जे जपले नाही ते अनेकदा व्यक्तींनी जपले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांच्या सूची आणि तबकड्यांविषयीची माहिती प्रसिद्ध केली. किंमत आणि मालकी यांपलीकडे जाणारी ही संग्रहवृत्ती आहे. संग्राहक येथे सूचीकार होतो आणि त्याच्या कपाटाचा उपयोग इतरांना होतो. पुनर्प्रकाशनाच्या किमतीवर बोलण्याचा सर्वाधिक नैतिक अधिकारही अशाच संग्राहकाला पोहोचतो.

निष्कर्ष

१. पुनर्प्रकाशित ध्वनिमुद्रिकांच्या टंचाईत ऐतिहासिक, उत्पादनविषयक आणि योजलेली अशा तीन प्रकारच्या दुर्मिळता एकत्र आलेल्या आहेत. टीकेचा रोख तिसऱ्या प्रकारावर असणे योग्य होय.

२. संग्राहकाची नाराजी आणि संग्राहकाचे समाधान दोन्ही एकाच दुर्मिळतेवर पोसलेली आहेत. त्यामुळे केवळ ग्राहक म्हणून केलेला निषेध विक्रीचे धोरण बदलू शकत नाही.

३. किंमत कमी होणे इष्ट आहे. त्याइतकेच ध्वनीचा आधार, मुद्रणवर्ष, तबकडी-क्रमांक व साथीदारांची नावे यांची नोंद असणे आवश्यक आहे. अशा नोंदीशिवाय काढलेली स्वस्त एलपीही अभ्यासाच्या दृष्टीने अपुरीच राहील.

४. कॅसेटवरील भीमगीते, भक्तिगीते व लोकगीते यांना बाजारभाव नसला तरी त्यांचे जतन तितकेच निकडीचे आहे. चुंबकीय फीत तबकडीपेक्षा लवकर निकामी होते.

५. जिल्हा पातळीवरील महाविद्यालयांना या कामात निश्चित वाटा उचलता येईल. परिसरातील घरांत उरलेल्या तबकड्या व कॅसेट यांच्या लेबलवरील मजकूर जसाच्या तसा उतरवून सूची करणे, हक्क संपलेल्या मुद्रणांचे योग्य वेगाने डिजिटल रूपांतर करणे आणि ते ग्रंथालयात श्रवणासाठी ठेवणे, एवढे काम मराठी, इतिहास व संगीत विभागांनी एकत्र येऊन हाती घेण्याजोगे आहे. त्यासाठी महागडी एलपी विकत घ्यावी लागत नाही. एक चांगले फिरते यंत्र, योग्य सुई, एक संगणक आणि लेबल नीट वाचणारे दोन-चार विद्यार्थी पुरेसे आहेत.